पठारावरचा दर्यावर्दी

कोथरूडहून वारजे, उत्तमनगर आणि कोंढवे-धावडे ही एकेकाळची खेडी मागे टाकून पुढे गेले म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द लागते, आणि त्या हद्दीत, खडकवासल्याच्या जलाशयाच्या एका वळशात, 'पीकॉक बे' या नावाने ओळखले जाणारे पाणी आहे, जेथे उद्याचे नौदल अधिकारी शिडाच्या छोट्या नावा हाकावयास शिकतात. त्याच जलाशयाच्या दुसऱ्या काठावर दर रविवारी अवघे पुणे लोटते, कणसे आणि भजी खाते, पाण्याकडे पाहते आणि संध्याकाळी घरी परतते. या दोन काठांमध्ये पाण्याचे अंतर फार नाही. मनाचे अंतर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहराने घोडदळ, पायदळ आणि तोफखाना यांचा अभिमान मनःपूर्वक बाळगला, तथापि समुद्र ही आपली बाब आहे, असे त्याला क्वचितच वाटले. म्हणूनच २०१८ च्या नोव्हेंबरात व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तले, तेव्हा त्यांच्या निधनाची वार्ता आपल्याकडे जितक्या गांभीर्याने घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेली नाही. आणि ही उपेक्षा भरून काढण्याची जबाबदारी अन्य कोणाहीपेक्षा पुण्याची अधिक आहे, असे माझे निश्चित मत आहे.

आवटींचा जन्म ७ सप्टेंबर १९२७ रोजी सुरतेस झाला. दुसरे महायुद्ध समाप्त होत असताना ते तत्कालीन शाही हिंदी नौदलात दाखल झाले, इंग्लंडमधील डार्टमथच्या नाविक महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि संदेशवहन ही त्यांनी आपली विशेष विद्या म्हणून पत्करली. ज्यांनी एका राजाच्या ध्वजाखाली सेवेस प्रारंभ केला आणि विशीतच प्रजासत्ताकाच्या ध्वजाला वंदन केले, अशा अधिकाऱ्यांच्या पिढीचे ते होते. या पिढीच्या वाट्याला जुनी ब्रिटिश जहाजे, अपुरा निधी आणि दिल्लीच्या दफ्तरात सदैव तिसरे आसन एवढेच आले. भूदल आणि हवाईदल यांच्या मागण्या पुरवून उरेल ते नौदलाला मिळावे, हा त्या काळचा जणू अलिखित दंडक होता.

या दंडकाचे सर्वांत कटू फळ १९६५ मध्ये ज्यांना चाखावे लागले, त्या व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांचे स्मरण येथे केल्याखेरीज आवटींच्या कर्तृत्वाची पार्श्वभूमी उलगडत नाही. सोमण हे १९६१ च्या गोवामुक्तीच्या समयी भारतीय आरमाराचे प्रमुख ध्वजाधिकारी होते आणि १९६२ पासून १९६६ पर्यंत नौदलप्रमुख. ते प्रमुख असताना संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आज कोथरूडमध्ये उभे आहे. दोन मराठी माणसे, एक मंत्रालयात आणि एक नौदलाच्या शिरोभागी, असा तो योग होता. पाकिस्तानशी युद्धाला तोंड लागले तेव्हा 'विक्रांत' ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी गोदीत होती, आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस नौदलाने आपण होऊन आक्रमक कारवाई करू नये, असा सरकारी हुकूम होता. युद्धाची व्याप्ती वाढू नये हा सरकारचा हेतू होता आणि पूर्वेस अंदमानकडे इंडोनेशियाचा धाकही होता, हे मान्य केले तरी ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपल्या आरमाराला त्याचे उत्तर देता आले नाही, हे शल्य एका सेनानीच्या अंतःकरणात किती खोल गेले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. सोमणांनी आपले म्हणणे संरक्षणमंत्र्यांपुढे मांडले आणि पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्यापर्यंतही नेले. निर्णय पालटला नाही, आणि सोमणांनी तो शिरोधार्य मानला. लोकशाहीतील सेनापतीने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठ आहे. आपला आक्षेप पूर्ण बळानिशी नोंदवावा आणि नंतर लोकनियुक्त सरकारचा हुकूम पाळावा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करणे वाटते तितके सोपे नसते. सोमणांवर त्या युद्धातील निष्क्रियतेचा ठपका पुढे अनेकांनी ठेवला. तो अन्याय्य आहे, असे मला वाटते.

त्याच सप्टेंबरात सोव्हिएत संघराज्याबरोबर जहाजे आणि पाणबुड्या खरेदी करण्याचा करार झाला. ब्रिटनने पाणबुड्या देण्यास टाळाटाळ केल्यावर चव्हाणांनी मॉस्कोकडे मोहरा वळविला होता, आणि त्या वळणाचे दूरगामी परिणाम सहा वर्षांनी प्रत्ययास आले. 'कलवरी' ही पहिली पाणबुडी १९६७ च्या डिसेंबरात नौदलात आली. तिच्या पाठोपाठ 'कामोर्टा', 'कदमत', 'किलतान', 'कवरत्ती', 'कच्छल' ही पाणबुडीविरोधी छोटी लढाऊ जहाजे आली. सोमणांच्या कारकिर्दीत ज्यांची पेरणी झाली, त्या जहाजांपैकी एकावर, 'कामोर्टा'वर, १९७१ च्या युद्धात मनोहर आवटी उभे होते.

ते युद्ध आपल्या स्मरणात आहे ते मुख्यत्वे कराचीच्या आगीमुळे. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदरावर जो घाला घातला, त्याचे स्मरण म्हणून आजही तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा होतो, आणि ते सर्वथैव योग्य आहे. परंतु बंगालच्या उपसागरात जे घडले ते अधिक चिवट आणि अधिक दीर्घ काम होते. 'विक्रांत'च्या बाष्पकात बिघाड होता, तिचा वेग मंदावला होता, तरीही तिला पूर्वेस नेऊन तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार येथील बंदरे व विमानतळ निकामी केले. आणि तिच्या भोवती व पुढे, सुरुंगांची भीती असलेल्या उथळ पाण्यात, पाणबुडीचा मागोवा घेत, शत्रूची वाहतूक अडवीत फिरणाऱ्या छोट्या जहाजांच्या पथकाचे नेतृत्व आवटींकडे होते. पूर्व पाकिस्तानातील सेनेला समुद्रमार्गे रसद मिळू नये आणि पळवाटही मिळू नये, यासाठी ती नाकेबंदी होती. ढाक्याला ज्या शरणागतीवर स्वाक्षऱ्या झाल्या, तिच्यामागे या नाकेबंदीचे श्रेय किती, याचा हिशेब आपल्या शालेय इतिहासात कधी मांडला जात नाही. आवटींना वीरचक्र मिळाले. नाकेबंदी हे एकाकी आणि नेत्रदीपक नसलेले काम आहे. दिवसेंदिवस क्षितिजावर नजर ठेवायची, प्रत्येक संशयित जहाजाला हटकायचे, आणि आपल्या तळाखाली सुरुंग असेल हे जाणूनही पुढे जावयाचे. ज्याला ते साधले त्याच्या धैर्याचे मोल मी कराचीच्या धाडसाहून तिळमात्र कमी मानणार नाही.

पुढील सेवाक्रम मी थोडक्यात सांगतो, कारण पदांची यादी ही चरित्राची सर्वांत नीरस बाजू असते. आवटींनी अनेक जहाजांचे कप्तानपद भूषविले, काही काळ ते आमच्या शेजारच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे प्रमुख होते, आणि १९८३ मध्ये पश्चिम नौदल विभागाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झाले. या सगळ्यात मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते ती एक गोष्ट: १९७८ मध्ये, म्हणजे ऐन सेवेत असताना, त्यांनी मुंबईत सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी 'मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. एका लढवय्या अधिकाऱ्याला इतिहासाच्या दफ्तराकडे वळावेसे का वाटले असावे? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे की, ज्या समाजाला समुद्राची स्मृती नाही, त्या समाजाला आरमार उभारता येते पण टिकवता येत नाही, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

आणि या सत्याचा सर्वांत दारुण पुरावा पुण्याच्याच इतिहासात आहे. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी हाती येताच आरमाराचा पाया घातला, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला. कान्होजी आंग्र्यांनी १७२९ मध्ये देह ठेवीपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिघांनाही मराठी दस्तकाविना सुखाने फिरू दिले नाही. त्या आरमाराचा अंत परकीयांनी एकट्याने केला नाही. पुण्याच्या दरबाराला कान्होजींचा पुत्र तुळाजी आंग्रे जुमानेनासा झाला, तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या मुत्सद्द्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, त्या वेळी खाडीत नांगरलेली तुळाजीची गलबते व गुराबा जळून खाक झाल्या. तुळाजी सालस नव्हता, त्याची बंडखोरी खरी होती, आणि घरचा कलह मिटवण्याचा हक्क पेशव्यांना होता, हे सर्व मान्य आहे. पण एका सरदाराला धडा शिकवण्यासाठी आपणच आपल्या समुद्राची किल्ली त्या जातीच्या हाती दिली, जिचे सर्व सामर्थ्य जहाजांत होते, हे त्या वेळच्या पुण्याच्या ध्यानात आले नाही. पानिपताचा शोक आपण पिढ्यान्‌पिढ्या केला. विजयदुर्गाच्या खाडीतील त्या आगीचा शोक पुण्यात कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

निवृत्तीनंतर आवटी कोणत्या बंदराकाठी राहावयास गेले नाहीत. सातारा जिल्ह्यात, फलटणजवळ, विंचुर्णी नावाचे गाव आहे. पर्जन्यछायेतील, पाण्याची वाण असलेल्या त्या मुलखात त्यांनी घर केले, झाडे लावली आणि तेथून नौदलाला पत्रे लिहिली. कोणा भारतीयाने शिडाच्या नौकेतून, एकट्याने, पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी, ती नौका भारतात बांधलेली असावी, आणि नौदलाने या कार्याला आपले म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. वर्षे गेली, नौदलप्रमुख पालटले, आग्रह तसाच राहिला. अखेरीस ॲडमिरल अरुण प्रकाश नौदलप्रमुख असताना, २००६ च्या सुमारास, या कल्पनेला संमती मिळाली. ते स्वतः खडकवासल्याचे छात्र होते आणि प्रबोधिनीचे प्रमुखही राहिले होते. नौदलाने स्वेच्छेने पुढे येणारा अधिकारी शोधला, आणि कमांडर दिलीप दोंदे पुढे आले.

त्यानंतरची कथा गोव्याच्या दिवाडी बेटावर घडते. तेथील रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजबांधणीच्या छोट्या कारखान्याने ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधावयास घेतली; आराखडा डच, हात मात्र गोमंतकीय. दोंदे स्वतः त्या कामावर राबले, कारण जी नौका समुद्रात एकट्याने दुरुस्त करावयाची, तिचा प्रत्येक खिळा ठाऊक असणे आवश्यक होते. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या जगविख्यात दर्यावर्द्यांकडे जाऊन त्यांनी मार्गदर्शन घेतले. नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मनुष्य ठरले, आणि त्यांची 'सुहेली' ही नौका मुंबईत, सागवानात बांधलेली होती. म्हणजे मुंबईच्या सुतारांच्या हातून उतरलेली नौका जगाची प्रदक्षिणा करून आली होती, आणि तरीही तिच्या मागोमाग आपला माणूस पाठवावयास आपल्याला आणखी ४० वर्षे लागली.

२००९ च्या फेब्रुवारीत नौका जलावतीर्ण झाली. गोव्याच्या जीवनदायिनी नदीचे, म्हादेईचे, नाव तिला मिळाले. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंडमधील पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन असे चार थांबे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. या प्रदक्षिणेचे नियम निष्ठुर आहेत: विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे, सर्व रेखावृत्ते छेदावयाची, लीउविन, हॉर्न आणि केप ऑफ गुड होप ही तिन्ही भूशिरे वळसा घालून जावयाची, आणि इंजिनाच्या बळावर नौका पुढे न्यावयाची नाही. दक्षिणेकडील चाळीस ते साठ अक्षांशांत वाऱ्याला आडवे येणारे भूखंड जवळजवळ नसते; तेथे लाट पृथ्वीभोवती निर्वेध फिरत राहते, आणि माणूस झोपतो तो तुकड्या-तुकड्यांनी, कारण सुकाणूची जबाबदारी सोपवावी असा दुसरा कोणी जवळ नसतो. वयाच्या ऐंशीपुढे गेलेले आवटी त्या वेळी विंचुर्णीच्या माळरानावरून या नौकेचा मार्ग मनाने आखीत असतील, असे मानावयास मला कल्पनाशक्तीची फार ओढाताण करावी लागत नाही.

एकदा बांध फुटला की पाणी थांबत नाही. 'म्हादेई'तूनच नौदल अधिकारी अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी, कोठेही न थांबता, मुंबईस परतले. २०१८ मध्ये गोव्यात 'सुहेली'च्या आराखड्यावरून बांधलेल्या 'थुरिया' नौकेतून ते जागतिक स्पर्धेत उतरले, दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडून पाठीस जबर दुखापत झाली, आणि तरीही पुढील स्पर्धेत, २०२३ मध्ये, त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात 'तारिणी'तून प्रदक्षिणा पूर्ण केली. ती पाहण्याचे भाग्य आवटींना लाभले, कारण त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनीच तोच मार्ग पार केला. एका निवृत्त माणसाच्या पत्रांतून उगवलेली ही परंपरा आहे, आणि कोणत्याही पदकापेक्षा तिचे मोल मला अधिक वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. विमानवाहू नौका, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रे यांच्या युगात शिडाच्या नावेला काय अर्थ, असे विचारले जाते. मी उत्तर असे देईन की, वारा आणि लाट यांची भाषा शीड शिकवते तशी दुसरी कोणतीही वस्तू शिकवीत नाही. यंत्र आपल्याला समुद्राच्या वर उचलून नेते, शीड आपल्याला समुद्राशी तडजोड करावयास लावते. जो कप्तान कधी वाऱ्याच्या स्वाधीन झाला नाही, त्याला पाण्याचे सामर्थ्य आकड्यांतून कळते, अनुभवातून नव्हे. प्रबोधिनीने छात्रांना अद्याप शीड शिकवणे सोडलेले नाही, याचे कारण हेच असावे. आणि दुसरे कारण असे की, समुद्राविषयीचे प्रेम अर्थसंकल्पाच्या तरतुदीतून उत्पन्न होत नाही. ते बालपणी उत्पन्न व्हावे लागते.

येथे मी माझ्या मागणीपाशी येतो. पुण्याचा समुद्राशी संबंध नाही, हे म्हणणे आज खोटे आहे. तळेगावजवळ इंदुरीस आणि लोणी काळभोर येथे व्यापारी नौवहनाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. शहरात राष्ट्रीय छात्रसेनेचे नौदल पथक आहे. कोथरूडच्या सोसायट्यांतील कित्येक घरांतून मुले जहाजांवर नोकरीला जातात आणि सहा-सहा महिने दिसत नाहीत. असे असूनही येथील सामान्य शाळेतील मुलाला शिडाच्या नावेला हात लावण्याची संधी मिळत नाही. किल्ल्यांवर मुलांना नेणाऱ्या संस्था आपल्याकडे शेकडो आहेत, आणि त्यांचे कार्य स्तुत्य आहे. सुकाणू हाती देणारी एखादी तरी संस्था पश्चिम पुण्यात का असू नये? प्रबोधिनीच्या हद्दीतील पाणी सैन्याचे आहे, तेथे नागरिकांना मुभा मिळणार नाही, आणि मिळूही नये. परंतु पानशेत आणि वरसगाव हे जलाशय आहेत; खडकवासल्याचा हद्दीबाहेरील भाग आहे.

पाटबंधारे खात्याची अडचण मला ठाऊक आहे: हे पुण्याचे पिण्याचे पाणी आहे, त्यात तेल सांडू नये, घाण होऊ नये, ही त्या खात्याची दक्षता रास्त आहे आणि ती शिथिल व्हावी असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. तथापि शिडाच्या नावेला तेल लागत नाही. इंजिनाला पूर्ण मज्जाव, प्रत्येक मुलास प्राणरक्षक जाकीट, मर्यादित संख्या, पावसाळ्यातील विसर्गाच्या काळात बंदी, आणि शिक्षक म्हणून पुणे परिसरात स्थायिक झालेल्या निवृत्त नौदल अधिकाऱ्यांना पाचारण, एवढ्या अटींवर महापालिकेने आणि पाटबंधारे खात्याने मिळून एका जलाशयावर अशी शाळा सुरू करावयास हरकत नसावी. नावा परदेशातून आणण्याचे कारण नाही; दिवाडी बेटावर ज्यांनी 'म्हादेई' बांधली ते हात अद्याप आपल्या शेजारी आहेत. शाळेला नाव कोणाचे द्यावे, हे मी सुचवण्याची गरज नाही. पण पहिली तुकडी महापालिकेच्या शाळांतील मुलामुलींची असावी, एवढा आग्रह मी धरीन, आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद व्हावी, अशी कोथरूडच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे.